वर केलेला हात

माझ्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. एका पालकाने माझ्या फळ्यावरच्या अक्षराचं केलं. संस्थेच्या अध्यक्षांनी मी रजा किती कमी घेतल्या ते सांगितलं, जणू घरी मला काही कामच नव्हतं. पण ज्या कामात मी माझे सगळ्यात जास्त शनिवार घातले, त्याचं नाव कुणी काढलं नाही. ते विसरले होते असं नाही. आमच्या शाळेत त्या कामाचं नाव काढायचंच नाही, असं ठरून गेलं होतं.

सांगायला ते काम अगदीच साधं वाटेल. मी मुलांसाठी इंटरनेटवर विज्ञानाच्या आणि सुरक्षिततेच्या साइट शोधत असे. आता घरातलं शाळेत न जाणारं पोरसुद्धा मोबाईलवर बोट फिरवून हे करतं, तेव्हा यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण मी सांगतेय ती गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागेची. आमचं हायस्कूल मालवणच्या अलीकडे, समुद्राला लागून. मुंबईला राहणाऱ्या गावच्या एका माणसाने शाळेला दोन कॉम्प्युटर भेट दिले. त्यांच्यासाठी वेगळी खोली रंगवली, नारळ फोडला, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. दसऱ्याला त्यांना झेंडूचे हार पडायचे. इंटरनेट मात्र नव्हतं. खोलीचा ताबा माझ्याकडे आला, कारण मी विज्ञान शिकवत होते आणि मी ख्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, तेव्हा इंग्रजी येणारच, असा गावाचा समज. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही ते आणून दिलं नाही.

नेट होतं ते मालवणच्या बाजारपेठेत, पीटरकडे. पीटर माझा जुना विद्यार्थी. बोटीवरची नोकरी सोडून घरी आला आणि चार कॉम्प्युटर मांडून बसला. त्याच्याकडे बोटीवर गेलेल्यांच्या बायका पत्रं पाठवायला यायच्या, निकालाच्या दिवशी अख्खा तालुका यायचा आणि शनिवारी दुपारी, पर्समध्ये फ्लॉप्या घेऊन, मी यायची. टेलिफोनची लाइन कुंईकुंई करत जोडली जायची. चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायचं. एकदा देवमाशाचं चित्र उतरवत होते, डोकं आलं, पाठ आली आणि वीज गेली. शेपूट पुढच्या शनिवारी आलं. मुलांना मी तो मासा तसाच दोन हप्त्यांत दाखवला आणि आठवडाभर वर्गात शेपटीवर पैजा लागल्या.

शोधण्याच्या कामाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, सापडत नाही ही अडचण. खरं तर सापडतं ढीगभर, निवडणं कठीण. बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून बघतो, तसं मी पान उघडलं की आधी तळाशी जायची. हे कुणी लिहिलंय? शाळेच्या मास्तरांनी, संग्रहालयाने, की साबण विकणाऱ्या कंपनीने? मग बघायची प्रयोगाचं सामान. गोऱ्यांच्या देशातली मुलं प्रयोगाला जे जे वापरतात त्यातलं निम्मं आमच्या वाण्याच्या बापाने ऐकलेलं नसायचं. त्याच्या जागी काय चालेल ते घरी स्वयंपाकघरात करून बघायचं, मग मराठीत उतरवायचं. माझ्या नवऱ्याने त्या काळात बऱ्याचदा जेवणाआधी विचारलंय की हे खायचं आहे की शाळेचं आहे.

या कामातच मिलिंद मला सापडला. त्याची आई गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि वडील ओरोसच्या एका सरकारी कचेरीत, रोज एसटीने जाऊन-येऊन. माणसं घाटावरची, मिरजेकडची. आमची मुलं दांडगी, मालवणीत भांडणारी. हा आपला पुस्तकातल्यासारखं बोलायचा आणि सांगितलेलं शब्दन् शब्द करायचा. एका साइटवर ज्वालामुखीचा प्रयोग होता, व्हिनेगर आणि सोड्याचा. व्हिनेगरऐवजी आम्ही कोकमाचं आगळ घेतलं. रंग घालावा लागला नाही, लालभडक फेस आला आणि बघता बघता काळानिळा पडला. ओरोसच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, लाव्हा असा निळा होत नसतो. मिलिंद शांतपणे म्हणाला, लाव्हा नाही होत सर, कोकम होतं, आणि आम्ल आणि अल्कली त्यांना समजावून दिलं. त्याला बक्षीस मिळालं. परत येताना एसटीत त्याने मला विचारलं की समुद्राचं पाणी मोजणारे लोक असतात, तसं होण्यासाठी काय शिकावं लागतं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी शोधते.

सुरक्षिततेच्या साइट हा वेगळाच प्रकार होता. तिथे सगळं मुलांच्या भल्याचंच लिहिलेलं, पण कुणाच्या मुलांच्या, ते बघावं लागायचं. गोठलेल्या तळ्यावर चालू नका. बर्फात लोखंडाला जीभ लावू नका. मी वाचून हसायची आणि पुढे जायची. अनोळखी माणसाशी बोलू नका, हे मात्र कामाचं वाटलं, कारण पर्यटक वाढत होते. ते मी वर्गात शिकवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, अनोळखी म्हणजे कसो दिसता?" तिला खरंच माहीत नव्हतं. वाडीतला प्रत्येक पुरुष तिचा काका नाहीतर मामा होता. तो तास मी तसाच सोडून दिला आणि पुढच्या आठवड्यात नव्याने लिहून आणला.

मग मला समुद्राचं पान मिळालं. फार लांबच्या एका देशातलं, पण इतकं नेमकं की मी पीटरला उठून दाखवलं. किनाऱ्याच्या पाण्यात काही ठिकाणी आत नेणारी ओढ असते. तिच्याशी झगडू नका, दमून जाल. पाठीवर तरंगा. ओरडू नका, दम राखा. एक हात सरळ वर धरा आणि मदतीची वाट पाहा. आमच्या किनाऱ्यावर दर वर्षी कुणी ना कुणी बुडून जात होतं, बहुतेक बाहेरचे. मला वाटलं, हे एक पान जरी शिकवलं तरी माझे सगळे शनिवार वसूल.

तरी मी विचारल्याशिवाय शिकवलं नाही. आमच्या गावात दाजी तांडेल म्हणून रापणीचे प्रमुख होते. रापण म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं उभी राहून ते जाळं ओढून आणतात. अख्ख्या वाडीचं काम असतं, वाटाही सगळ्यांना. दाजींना मी ओढीचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर लिवलाहा. ओढीवांगडा झगडूचा नाय." हाताचं मी त्यांना विचारलं नाही. हात वर करण्यात विचारण्यासारखं काय असतं, असं तुम्हालाही वाटलं असतं. त्या देशात किनाऱ्यावर उंच खुर्चीत रखवालदार बसलेला असतो, तो आमच्याकडे नाही, एवढं मला दिसत होतं. पण रापणीची माणसं असतातच, ती बघतील, हा माझा हिशेब. तो चुकला नाही. त्यांनी बघितलं.

वर्गातले बाक बाजूला सारून मी मुलांना जमिनीवर पाठीवर झोपवलं. एक हात वर. कुणी ओरडायचं नाही. आमच्या वाडीतली मुलं हात वर करून "रवा रे, रवा", थांबा रे थांबा, म्हणत एकमेकांना हसवत होती. पोरं ती पोरंच, म्हणून मीही हसले. मिलिंद डोळे मिटून, हात सरळ धरून, तास संपेपर्यंत तसाच पडून होता.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, रापणी सुरू झाल्या. एका रविवारी सकाळी मिलिंद वर्गातल्या मुलांबरोबर पोहायला गेला. बाकीची कडेला डुंबत होती, तो जरा पुढे गेला आणि ओढीत सापडला. पुढचं मी दाजींकडून ऐकलं, आणि नंतर मिलिंदकडूनही, पण ते शेवटी सांगते.

रापणीत जाळ्याच्या मागे पाण्यात एक पोहणारा ठेवतात. जाळं दगडाला अडकलं तर तो सोडवतो. लाटांच्या आवाजात त्याचं बोलणं किनाऱ्यावर येत नाही, म्हणून हाताने सांगायचं. एक हात सरळ वर, हलवायचा नाही, याचा आमच्या किनाऱ्यावर अर्थ असा, की सगळं ठीक आहे, ओढू नका, जरा थांबा. आणि किनाऱ्यावरचा माणूसही तसाच हात वर करून सांगतो की कळलं, थांबलो.

मिलिंद पाठीवर तरंगला. ओरडला नाही. एक हात सरळ वर धरला. जाळ्याच्या अंगाला पाण्यात एक डोकं आणि वर केलेला हात, एवढंच किनाऱ्यावरून दिसत होतं. दाजींनी हात वर करून उत्तर दिलं. दोन्हीकडच्या माणसांनी दोर सैल सोडला आणि पन्नासेक माणसं मुकाट उभी राहिली, तो सांगेल तोवर. तो आत आत जात होता. मग तोंडावरून लाट गेली आणि त्याने बोंब मारली. क्षणात दोर वाळूत पडले. दाजींच्या पुतण्यांनी पाण्यात उड्या टाकल्या, होडी फिरली, आणि त्याला उचलून आणला. जाळं दगडात गेलं, फाटलं, त्या दिवसाचं म्हावरं सगळं सुटून गेलं. त्याबद्दल वाडीतल्या कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्याच दुपारी दाजी माझ्या दारात येऊन बसले. पाणी दिलं ते हातात तसंच धरून होते. म्हणाले, "पोरान हात वर केल्यान, आमी रवलंव. तेचो शब्द आमी पाळलंव, बाई. पोराची काय एक चूक नाय." मग मी त्यांना ते पान पुन्हा वाचून दाखवलं, या वेळी हातासकट. ते म्हणाले, ज्याने लिहिलंय त्याने त्याच्या गावाला बरोबर लिहिलंय.

त्यात कुणाचा दोष होता असं मला आजही वाटत नाही. वाईट वाटतं ते पुढच्या सगळ्याचं. मी मिलिंदच्या घरी गेले. तो तापात होता, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या वडिलांनी मला ओसरीवरच उभं ठेवलं आणि अतिशय सभ्य भाषेत सांगितलं की आता तुम्ही येऊ नका. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आठवडाभरात संस्थेची सभा बसली. कुणी म्हणालं, नेटमुळे मूल जात होतं. कुणी म्हणालं, बाहेरच्या देशाचं आणून इथे लावायची गरज काय. मी उभी राहून सांगितलं की पान आता दुरुस्त करता येईल, दाजी बसून सांगायला तयार आहेत, आपल्या किनाऱ्याचं आपलं पान होईल. कुणी नको म्हटलं नाही. पुढे बघू म्हणाले. आणि आमच्याकडे पुढे बघू म्हटलं की ते काम संपलं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खोलीला कुलूप लागलं. पुढे ते उघडलं ते निकालपत्रकं छापण्यापुरतं.

माझ्या फ्लॉप्या त्या खोलीतच राहिल्या. खारी हवा, बंद कपाट. दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर बुरशी आली. देवमासा, कोकमाचा ज्वालामुखी, ग्रहणाचे फोटो, सगळं गेलं. दाजींबरोबर बसून मी घरीच हाताने एक पान लिहिलं होतं: एकटं पुढे जाऊ नये, पाठीवर तरंगावं, आणि बोंब मारावी, पोटातून, शब्दांशिवाय, कारण आमच्या वाऱ्यात शब्द पोचत नाहीत, बोंब पोचते. ते मी तोंडी जेवढं सांगता आलं तेवढं मुलांना सांगत राहिले. पण शाळेचं पान म्हणून ते कधी भिंतीवर लागलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते मिलिंदचं. वाडीतली मुलं वाईट नव्हती, पण मुलंच ती. तो रस्त्याने जाताना दिसला की कुणीतरी एक हात वर करून उभं राहायचं. मोठी माणसंही हसायची, की पोरगं बुडत होतं आणि समुद्रात शाळा भरवून बसलं होतं. मी रागावले, दोघांच्या कानाखाली वाजवल्या, त्याने हसणं तेवढं माझ्यासमोर बंद झालं. दिवाळीनंतर त्याच्या आईने बदली मागून घेतली. समुद्राचं पाणी मोजणाऱ्यांचं शिक्षण कुठे मिळतं ते मी शोधून, छापून ठेवलं होतं. ते द्यायचं राहिलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मे महिन्यात, तो आला. कुणकेश्वरला घरच्यांबरोबर आला होता, तिथून एकटाच एसटी बदलत माझ्याकडे. उंच झाला होता, मिशा फुटल्या होत्या. कॉमर्सला आहे म्हणाला. मी विज्ञानाचं काही विचारलं नाही. चहा झाला आणि तोच म्हणाला, किनाऱ्यावर जाऊ या का. हंगामातली शेवटची रापण चालली होती. तो पाण्यापासून बराच लांब, कोरड्या वाळूत उभा राहिला. बराच वेळ दोर ओढणाऱ्यांकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "त्यांनी मला हात दाखवला होता. मी हात वर केला, तर दाजींनीही केला. म्हणजे त्यांनी मला बघितलं होतं, ते येणार होते. मी अजून थोडा दम धरायला हवा होता."

मला आधी समजेचना. मग त्याने पुढचं सांगितलं. पानावर स्पष्ट लिहिलं होतं, ओरडू नका. वर्गात त्याला ते जमत होतं. पाण्यात घाबरला आणि ओरडला. तो ओरडला म्हणून जाळं फाटलं, तो ओरडला म्हणून खोली बंद झाली, बाईंचं काम गेलं. इतकी वर्षं हे तो बरोबर घेऊन फिरत होता. माफी मागायला आला होता.

दाजींना वाटलं तू रापणीचा पोहणारा आहेस. वर केलेल्या हाताचा अर्थ इथे उलटा आहे. कुणीही येणार नव्हतं. हे मी त्याला सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली, चांगला मुलगा बाईंसमोर हलवतो तशी. त्याला पटलं नाही हे मला दिसत होतं. इतकी वर्षं ज्यावर विश्वास ठेवला ते एका वाक्यात कसं निघणार? हे त्याला तेव्हाच, त्या ओसरीवरून आत जाऊन सांगता आलं असतं तर, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजूनही वाटतं.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात गेले आणि एक हात सरळ वर धरला. दाजी आता म्हातारे झालेले, वाळूत बसून राखण करत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. दोर सैल पडले. सगळी माणसं उभी राहिली आणि बघत राहिली. मी तशीच उभी राहिले, मिलिंदला नीट दिसेल इतका वेळ. कुणी जागचं हललं नाही.

मग मी बोंब मारली. साडी नेसलेल्या, निवृत्तीला आलेल्या शिक्षिकेने मारू नये अशी, पोटातून, शब्दांशिवाय. दोर वाळूत पडले. दोन्हीकडची माणसं पाण्याकडे धावत सुटली आणि मी नीट श्वास घ्यायच्या आत चौघांनी माझे दंड धरले होते. मागून दाजी काठी टेकत येत होते आणि येता येताच ओरडून विचारत होते, "काय झाला, बाई? खंय लागला?"

मी त्यांना म्हटलं, काय नाय दाजी, या मुलाला दाखवत होते. त्यांनी मिलिंदकडे बघितलं आणि ओळखलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मिलिंद त्या ओल्या, धापा टाकणाऱ्या माणसांकडे बघत होता.

"इतक्या लवकर येतात?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. तो परत कोरड्या वाळूत जाऊन बसला आणि रडला, लहान असताना रडायला हवा होता तसा. संध्याकाळच्या एसटीने तो गेला. पाण्यात त्याने पाय घातला नाही.